शंभरनंतर एकशेतीन

वाचनालयातल्या पुस्तकाला काय काय सोसावं लागतं, हे आपण सगळे जाणतो. चहाचे डाग, दुमडलेले कोपरे, पेन्सिलीच्या रेघा, समासात कुणीतरी लेखकाशी घातलेला वाद. हे सगळं आपण चालवून घेतो, कारण मजकूर शाबूत असतो. पानच नसणं ही गोष्ट मात्र वेगळी. अंधारात जिना उतरताना मधली एक पायरीच नसावी, तसं होतं.

माझ्या बाबतीत हे घडलं ते विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ वाचताना. कोकणातल्या वरसईचे हे भटजी चार पैसे मिळवावेत म्हणून उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. १८५८ च्या मार्च महिन्यात इंग्रजांनी झाशीला वेढा घातला, तेव्हा ते शहरातच होते. डोळ्यांनी पाहिलेलं ते सांगतात, म्हणून पुस्तक खाली ठेववत नाही. अशा ऐन भरात शंभरावं पान अर्ध्या वाक्यावर संपलं. उलटून पाहते तो समोर एकशेतीन!

पुस्तकातलं पान दोन तऱ्हांनी नाहीसं होतं. पुस्तक सुट्या पानांवर छापत नाहीत, मोठ्या कागदावर छापतात. तो कागद दुमडला की बहुधा सोळा पृष्ठांचा एक फर्मा होतो आणि असे फर्मे एकावर एक ठेवून पुस्तक बांधतात. बांधताना चूक झाली, तर सोळाच्या सोळा पृष्ठं जातात, किंवा तीच सोळा पृष्ठं दोनदा येतात. नव्या पुस्तकात असं आढळलं तर दुकानदाराला सांगून प्रत बदलून घ्यावी.

दोनच पृष्ठं नसतील, तर ते बांधणाऱ्याचं काम नव्हे. तिथे कुणाचा तरी हात लागलेला असतो. शिवलेल्या फर्म्यात प्रत्येक पानाला एक जोडीदार असतो, कारण मुळात तो एकच दुमडलेला कागद. शिलाईपासून एक पान ओढून काढलं, की दुसऱ्याचा आधार जातो. माझ्या हातातल्या प्रतीत सत्त्याण्णव ते एकशेबारा हा एक फर्मा होता. एकशेएक-एकशेदोन या पानाचा जोडीदार म्हणजे एकशेसात-एकशेआठ. पुढे गेले, तर ते पान खरोखरच सुटं होऊन हातात आलं. त्याची कड बाहेर डोकावून काळी पडली होती. म्हणजे पान फाटलं त्याला बराच काळ लोटला होता. मधल्या काळात किती जणांनी ते सुटं पान पुन्हा आत सारलं असेल आणि काही न बोलता पुस्तक परत केलं असेल!

का बोलले नसतील? याचं उत्तर मला पुस्तक परत करताना मिळालं. मी ते पान दाखवलं. खिडकीमागच्या गृहस्थांनी आधी पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, “बाई, नेतानाच बघून न्यायचं असतं.” नियम तसा होता, हे खरं. पण मागे चार माणसं रांगेत उभी असताना दोनशे पानं मोजून कोण घेतं? जो सांगायला येतो, तोच संशयित ठरतो. अनामत रकमेतून भरपाई कापली जाईल, या धास्तीनं शहाणा माणूस गप्प बसतो. ज्यानं पान फाडलं तो तर बोलणारच नाही. मग पुस्तक तसंच कपाटात जातं आणि पुढच्या वाचकाची वाट पाहतं.

ग्रंथालयाला हे आपणहून कळावं, अशी सोयच नसते. वर्षाकाठी मोजदाद होते, पण ती पुस्तकांची. दाखल क्रमांक जुळला, की पुस्तक ‘आहे’. बऱ्याच ग्रंथालयांत आतल्या एका ठरलेल्या पानावर शिक्का मारतात, पण त्यानं कळते ती मालकी. बाकीची पानं जागेवर आहेत की नाहीत, हे फक्त शब्दन् शब्द वाचणाऱ्याला कळतं. पुस्तकाची खरी तपासणी वाचकच करतो, आणि आपण नेमकं त्यालाच घाबरवून ठेवलं आहे.

या बाबतीत आपले पोथ्यांचे अभ्यासक अधिक प्रामाणिक. पोथीची पानं सुटी, त्यामुळे ती हरवणारच. पण पोथ्यांची सूची करताना ‘अपूर्ण’, ‘अमुक पत्र नाही’ असं ते स्पष्ट लिहितात. पोथी हाती घेणाऱ्याला आधीच कल्पना असते. छापील पुस्तकाच्या वाट्याला एवढीही नोंद येऊ नये?

आता गेलेलं पान भरून कसं काढायचं? दुसऱ्या प्रतीवरून झेरॉक्स काढून चिकटवायचं, हे सोपं उत्तर. पण त्यातही एक मेख आहे. ‘माझा प्रवास’ प्रथम १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केलं, ते मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरचं पुस्तक दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढलं. एकातलं पान दुसऱ्यात चिकटवलं, तर भोक बुजेल, पण पुस्तक बिघडेल. म्हणून आवृत्ती पाहावी, आधीच्या पानाचा शेवटचा आणि नंतरच्या पानाचा पहिला शब्द जुळतो का ते पाहावं, आणि पान कुठल्या प्रतीवरून घेतलं ते खाली बारीक अक्षरात लिहावं.

पुस्तक बाजारात मिळत नसेल, तरीही वाट आहे. जे पुस्तक भारतात विक्रीला उपलब्ध नाही, त्याच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी करून घेता येतात, अशी सवलत १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आहे. एका पानासाठी अडून बसण्याचं कारण नाही.

गोडसे भटजींनी झाशीच्या राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाबद्दलही लिहिलं आहे. तो नामांकित संग्रह इंग्रज फौज शहरात शिरल्यावर उद्ध्वस्त झाला, याची त्यांना फार हळहळ वाटली. त्या संग्रहाचा शेवट करायला फौज यावी लागली. आपल्या गावच्या वाचनालयातला संग्रह मात्र एकेका पानानं, शांतपणे कमी होतो आणि त्याची हळहळ वाटायला कुणाला पत्ताही लागत नाही.

तेव्हा ग्रंथपालांना माझं एक सुचवणं आहे. खिडकीवर एक शंभर पानी वही ठेवा. वाचकानं येऊन त्यात पुस्तकाचं नाव, दाखल क्रमांक आणि गेलेल्या पानांचे आकडे लिहायचे. जो आपणहून लिहील त्याला दंड नाही, असं वहीच्या पुठ्ठ्यावरच लिहून ठेवा. तीच नोंद पुस्तकाच्या पहिल्या पानावर करा, म्हणजे नेणाऱ्याला कळेल आणि आळही यायचा नाही. आणि वाचकांनो, वही नसली तर साध्या चिठ्ठीवर लिहून द्या. पान लगेच मिळेलच असं नाही, पण कुणाच्या तरी घरच्या कपाटात त्याच आवृत्तीची धड प्रत असू शकते. आपल्याला कुठलं पान हवं आहे, हे आधी त्यांना कळायला तर हवं.