यंत्र अडवते तेव्हा



शाळेचे जनरल रजिस्टर आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यातली जन्मतारीख दाखल्यावर जाते, नोकरीत जाते, निवृत्तीपर्यंत माणसाची पाठ सोडीत नाही. आता अशा नोंदी संगणकात येऊ लागल्या आहेत. त्या हाताळण्यासाठी मायएस्क्यूएल वर्कबेंचसारखी साधने असतात. तक्ते पडद्यावर दिसतात, त्यामुळे काम सोपे वाटते.

माझा एक जुना विद्यार्थी खेड्यातल्या शाळेत शिक्षक आहे. एकदा तो तक्रार घेऊन आला. "सर, एका मुलीची जन्मतारीख सुधारायची आहे, पण यंत्र ऐकतच नाही. ११७५ नंबरची चूक दाखवते. तो पहाराच काढून टाकू का?"

मी म्हटले, "अरे, आधी तू काय लिहिलेस ते तर दाखव!"

पाहतो तो काय! 'अपडेट'ची आज्ञा होती, नवी तारीख होती. पण ती कोणाची, हे सांगणारी 'व्हेअर'ची अट लिहायचीच राहिली होती. यंत्राने ऐकले असते, तर शाळेतली सगळी मुले एकाच दिवशी जन्मली असती! संदेशात कारण स्पष्ट लिहिले होते. याने फक्त आकडा वाचला.

हा पहारा या साधनात मुळातच चालू असतो. बदलण्याच्या किंवा पुसण्याच्या आज्ञेत ओळीची खूण पटवणारी किल्लीही नसेल आणि किती ओळी बदलायच्या याची मर्यादाही नसेल, तर तो अडवतो. नुसते नाव लिहून बहुधा भागत नाही. एका नावाच्या दोन मुली असतात. रजिस्टर क्रमांक हीच खरी किल्ली.

त्याची दुसरी शंका अशी, की बाराशे नोंदी केल्या, दिसतात हजारच. नावे हरवली नव्हती. हे साधन आपण होऊन पहिल्या हजार ओळीच दाखवते. वरच्या पट्टीतून ही मर्यादा वाढवता येते.

तेव्हा तीन सवयी लावून घ्या. पहिली, बदलापूर्वी 'डेटा एक्स्पोर्ट'ने तक्त्याची प्रत काढून ठेवा. दुसरी, तीच अट घालून आधी 'सिलेक्ट' चालवा आणि किती ओळी येतात ते मोजा. तिसरी, 'ऑटोकमिट' बंद करा. ते चालू असले की बदल तत्क्षणी कायम होतो. बंद असले, तर बदल नीट पाहून मगच 'कमिट' म्हणता येते. आणि चुकले असेल, तर 'रोलबॅक' म्हणून मागे फिरता येते.

त्या दिवशी आम्ही पहारा काढला नाही. रजिस्टर क्रमांक घालून आज्ञा दिली. एकच ओळ बदलली, त्या मुलीची. बाकीच्यांच्या जन्मतारखा जिथल्या तिथे राहिल्या.

यंत्राने अडवले की रागावू नका. आधी ते काय म्हणते आहे, ते वाचा.