घोड्याच्या चंदींतील तेल

घोड्याला स्निग्ध पदार्थ चारण्याची चाल आजची नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाचें जें प्रकरण आहे, त्यांत उत्तम घोड्याला २ द्रोण धान्य व त्याबरोबर १ प्रस्थ स्नेह असें मान सांगितलें आहे. एका द्रोणाचे १६ प्रस्थ. म्हणजे धान्याच्या बत्तिसाव्या हिश्शाइतकें तेल झालें. विलायतेंतील तबेल्यांत शिजविलेला जवस चारीत, तो अंगावर झळाळी यावी म्हणून. झळाळी येते हें खरें; परंतु तेलाचा मोठा गुण कातडीवर नाहीं, पोटांत आहे.

घोडा हा मूळचा दिवसभर चरत राहणारा प्राणी. त्याचा कोठा देहाच्या मानानें फार लहान. गवत पचतें तें पुढें मोठ्या आंतड्यांत, तेथील सूक्ष्म जंतूंच्या साहाय्यानें. कष्टाच्या घोड्याला नुसतें गवत पुरत नाहीं, म्हणून धनी हरभरा, जव, ओट यांचा तोबरा चढवितो. एका वेळीं धान्य फार झालें कीं त्यांतील पिष्ट न पचतां मोठ्या आंतड्यांत उतरतें, तेथें आंबतें आणि पोटशूळ उठतो. घोड्याला ओकतां येत नाहीं. कित्येकदां खुरांच्या आंत दाह होऊन जनावर कायमचें लंगडें होतें. आणि हें सारें धन्यानें मायेनें वाढलेल्या जास्त चंदीमुळें!

विलायतेंत गाड्या ओढणारे घोडे रविवारीं उभे राहत, चंदी मात्र रोजचीच मिळे. सोमवारीं जुंपतांच त्यांतील कांहींचे स्नायु ताठरत व ते जागींच खिळत. या दुखण्याला ‘सोमवारचा रोग’ असेंच नांव पडलें. आज अशा प्रकृतीच्या घोड्याचें धान्य पशुवैद्य कमी करितात आणि तेवढें बळ तेलांतून देतात.

घोड्याला पित्ताशय नसतें. तेव्हां त्याला तेल कसें पचावें, अशी शंका येईल. परंतु त्याचें पित्त यकृतांतून अखंड झिरपत असतें, आणि संवय लागल्यावर तेल उत्तम जिरतें. वजनावारी तेलांत पिष्टाच्या सव्वादोन पट शक्ति असते. २५० मिलिलिटर तेल सुमारें ७०० ग्रॅम ओटांचें काम करितें. (बैलाला हा न्याय लावूं नये, फार तेलानें त्याच्या पोटांतील चारा पचविणारे जंतूच मंदावतात.)

आरंभ रोज ५० मिलिलिटरांनीं करावा आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवीत न्यावें. लीद पातळ व तेलकट दिसली तर घाई झाली असें समजावें. धान्य तेवढें कमी केलेंच पाहिजे; नाहींतर बळाऐवजीं चरबी चढते. माथेरानला प्रवासी वाहणारा घोडा आणि हौसेखातर बांधलेला घोडा यांचें मान एक नव्हे. तेलांत प्रथिनें नाहींत, क्षार नाहींत, आणि गवताची जागा तर तें कधींच घेत नाहीं. तेल वाढवितांना ई जीवनसत्त्वाची जोडहि लागते. खवट तेलाला घोडा तोंड लावीत नाहीं. म्हणून उन्हाळ्यांत डबा लहान असावा व तो सावलींत ठेवावा. रंगाच्या दुकानांतील पक्कें जवसतेल मात्र चुकूनहि देऊं नये. त्यांत रंग लवकर वाळविणारीं द्रव्यें घातलेलीं असतात.

तेल चंदींतच कालवावें. तोंड वर करून नळीनें ढोसलेलें तेल फुप्फुसांत उतरलें तर जीवावर बेततें. पोटशूळांत तर हा प्रयोग मुळींच करूं नये. तोबरा काढून घ्यावा आणि पशुवैद्याला तत्काळ बोलवावें.