मासा तोच, अर्थ निराळा
(राजचिन्हे व त्यांचे रंग या विषयावर पुणे येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



६ जून १६७४ या दिवशी रायगडावर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन उपस्थित होता. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांच्या टोकांवर काय लटकत होते, हे त्याने टिपून ठेवले आहे. उजवीकडे मोठ्या दातांची दोन सुवर्णमत्स्यांची मस्तके, डावीकडे घोड्यांची पुच्छे आणि एका मौल्यवान भाल्यावर समतोल राहिलेला सोन्याचा तराजू. मत्स्य म्हणजे समुद्रावरील सत्ता, पुच्छे म्हणजे अश्वदळ आणि तराजू म्हणजे न्याय, असा त्यांचा अर्थ अभ्यासक लावतात.

यातील मासा आणि अश्वपुच्छ ही आपली जुनी चिन्हे नव्हेत. ही पद्धत मुसलमानी दरबारातील आहे, हे ऑक्झेंडननेही नोंदवले आहे. आपल्यापैकी काहींना हे ऐकून अवघडल्यासारखे होईल. मला तसे वाटत नाही. मोगल दरबारात 'माही मरातब' हा मान बादशहा द्यायचा आणि सरदाराने तो मान लववून घ्यायचा. रायगडावर तो कोणी दिला नाही. महाराजांनी तो स्वतःच्या अधिकाराने स्वतःच्या सिंहासनाशेजारी उभा केला. चिन्हाचा अर्थ त्याच्या आकृतीत जेवढा असतो, तेवढाच ते कोणाच्या हातून आले यातही असतो.

याचा पडताळा याच पुण्यात मिळतो. १७९२ साली महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी 'वकील-इ-मुतलक' ही पदवी व तिची मानचिन्हे घेऊन आले. त्यांत माही मरातबही होता. खास शामियाना उभारला गेला, बादशहाचे म्हणून एक रिकामे सिंहासन मांडले गेले आणि सवाई माधवरावांनी त्यापुढे तीनदा मुजरा करून एकशे एक मोहरांची नजर ठेवली. गोवधबंदीचे बादशाही फर्मानही त्याच समारंभात वाचले गेले, हे सांगितले पाहिजे. परंतु नाना फडणविसांचे मन या साऱ्याला राजी नव्हते. पेशवा हा छत्रपतींचा प्रधान. त्याच्या मुद्रेवर आधी छत्रपतींचे नाव आणि मग स्वतःचे. त्याने दुसऱ्या धन्याची चिन्हे कशी धारण करावीत? अखेर साताऱ्याहून छत्रपतींची संमती आल्यावरच समारंभ पार पडला. तेव्हा दिल्लीचा बादशहा महादजींच्याच आश्रयाने राहत होता. पण प्रश्न बळाचा नव्हता, मर्यादेचा होता.

पुढे १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारानिमित्त संस्थानिकांना राणीच्या नावाने रेशमी निशाणे वाटण्यात आली. त्यांवरील कुलचिन्हे रॉबर्ट टेलर नावाच्या एका इंग्रज मुलकी अधिकाऱ्याने युरोपीय पद्धतीने रचली होती. निशाण स्वीकारणाऱ्यांत तेरा वर्षांचे सयाजीराव गायकवाडही होते. ज्यांच्या पूर्वजांनी घोड्याच्या पाठीवर राज्य मिळवले, त्यांचे चिन्ह आता परक्याच्या कचेरीत ठरू लागले.

रंगांविषयी थोडे. युरोपीय कुलचिन्हशास्त्राचा पहिला नियम असा की, सोनेरी व रुपेरी हे 'धातू' आणि तांबडा, निळा, काळा, हिरवा हे 'रंग'. धातूवर धातू ठेवू नये, रंगावर रंग ठेवू नये. कारण अगदी व्यवहारी आहे, रणात दुरून ओळख पटावी. निळा म्हणजे निष्ठा, तांबडा म्हणजे शौर्य ही स्पष्टीकरणे बव्हंशी मागाहून चिकटवलेली. भगव्याचे उलट झाले. गेरूत बुडवलेले संन्याशाचे वस्त्र आधी होते, वारकऱ्याच्या खांद्यावरची पताका होती. अर्थ सिद्ध असलेला रंग गडावर चढला. शिवाय सह्याद्रीच्या हिरव्या-काळ्या पार्श्वभूमीवर तो कोसभरावरून दिसतो, म्हणजे तो व्यवहारी नियमही आपोआप पाळला गेला!

हा नियम न पाळल्याचे उदाहरण अलीकडचेच आहे. १९५० पासून नौदलाच्या ध्वजावर असलेला तांबडा क्रॉस २००१ मध्ये काढला आणि पांढऱ्यावर निळे बोधचिन्ह आले. ते समुद्राच्या व आकाशाच्या निळाईत उठून दिसत नाही, अशी तक्रार आली आणि २००४ मध्ये क्रॉस परतला, मध्यभागी अशोकस्तंभाचे सिंह घेऊन. तो कायमचा गेला २ सप्टेंबर २०२२ रोजी, कोची येथे. आताच्या बोधचिन्हाचा निळा अष्टकोन दुहेरी सोनेरी कडांनी बांधलेला आहे आणि तो अष्टकोन शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतला आहे.

ही अष्टकोनी मुद्रा आज मोटारींच्या काचांवर दिसते. मी अनेक तरुणांना तिचा अर्थ विचारला आहे. फार थोड्यांना सांगता आला. प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी ही मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी आहे, असे ती म्हणते. आणि महाराजांची एक दुसरी, छोटी मुद्राही होती. ती कोणी काचेवर लावत नाही. पत्राचा मजकूर संपला की ती अखेरीस उमटवीत, म्हणजे त्यापुढे कोणाला एक अक्षरही वाढवता येऊ नये. तिच्यावर दोनच शब्द होते : 'मर्यादेयं विराजते'.