बाद गडी, राखीव गडी आणि पंचाचा न्याय



 कबड्डीच्या ज्या खेळाला देशभर एकसूत्री रूप यावे म्हणून बुवा साळवींनी आयुष्य वेचले, त्याच्या नियमांचा अंमल अखेर आपल्या पंचांच्याच हाती आहे.

पंचांच्या या संमेलनापुढे विषय पुष्कळ आहेत. मला मात्र वरकरणी निव्वळ दफ्तरी भासणाऱ्या एकाच गोष्टीविषयी, म्हणजे राखीव खेळाडूंच्या अदलाबदलीविषयी, चार शब्द बोलावयाचे आहेत. मैदानात सात, बाहेर पाच. मध्यंतरात किंवा विश्रामकाळात, सरपंचांच्या परवानगीने बदल. बाहेर काढलेला गडी पुन्हा आणण्याची मुभा: एवढे सर्वांनाच मुखोद्गत असते. परंतु बाद झालेल्या गड्याच्या जागी राखीव गडी का चालत नाही, असे एखाद्या संघव्यवस्थापकाने हुज्जत घालून विचारले, तर नियमाचे कलम दाखवून आपण गप्प राहतो, आणि तेथेच त्याच्या मनात संशयाला जागा होते.

कारण स्पष्ट आहे. बाद झालेले गडी ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने परत उठतात. नामांकित चढाईपटू रांगेत तिसरा बसलेला असताना पहिल्या जागेवर ताज्या दमाचा दुसरा चढाईपटू बसविण्याची मोकळीक दिली, तर प्रतिपक्षाने जिवाच्या कराराने केलेल्या पकडीचे फळ कागदावर उरेल आणि मैदानावरून नाहीसे होईल. पिवळे कार्ड मिळून दोन मिनिटे बाहेर बसलेल्याच्या जागीही बदली नाही. संघाने उणीव सोसावी, हाच त्या शिक्षेचा अर्थ होय.

तुलनेसाठी पाहा, अमेरिकन फुटबॉलमध्ये व्यवस्था निराळी आहे. तेथील व्यावसायिक लीगने 1950 साली अनिर्बंध अदलाबदल कायमची स्वीकारली. आक्रमणाचे अकरा आणि बचावाचे अकरा वेगवेगळे असतात. आक्रमकांनी माणसे बदलली, तर बचावपक्षालाही तशी सवड मिळावी म्हणून पंच खेळ रोखून धरतात, आणि बेकायदा बदलीस 5 यार्डांचा दंड होतो. तेथे पंचाला डोकी मोजावी लागतात. आपल्याला डोकी आणि क्रम, दोन्ही सांभाळावे लागतात.

आणि हा क्रम सांभाळतो कोण? सहाय्यक गुणलेखक! अखेरच्या मिनिटांतला तीस सेकंदांचा विश्रामकाळ डोळ्यांपुढे आणा: बाद झालेले तिघे पाणी प्यायला उठून राखीव गड्यांत मिसळले आहेत, दोन्ही बाजूंनी आरडाओरड चालली आहे, आणि हा एकटा माणूस हातातल्या तक्त्यावर पेन्सिल टेकवून, छातीवरचे क्रमांक पडताळून, प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या जागी बसवितो आहे. पारितोषिक समारंभात त्याचे नाव क्वचितच पुकारले जाते, आणि ही उपेक्षा मला अन्यायाची वाटते.

म्हणून माझी विनंती अशी की, दुपारच्या सत्रात संघव्यवस्थापकांनीही पंचांसोबत बसावे, एकेक वादाचा प्रसंग प्रत्यक्ष मांडून पाहावा, आणि त्या सत्राची सूत्रे एखाद्या अनुभवी गुणलेखकाकडे द्यावीत. अध्यक्ष महोदयांना संमेलनाच्या कामकाजास प्रारंभ करण्याची मी नम्र प्रार्थना करतो.