कुंडावरून आल्यावर रक्तदाब

तानसेकाठच्या अकलोलीत गरम पाण्याच्या कुंडातून नुकत्याच बाहेर आलेल्या बाईचा रक्तदाब कमी दिसू शकतो, कारण उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावतात. थोडा वेळ जाऊ द्यावा, पाच मिनिटे पाठ टेकून बसावे, दंड हृदयाच्या उंचीवर ठेवावा आणि पट्टा उघड्या दंडावरच बांधावा.

एका मोजणीवर विसंबू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांचा रक्तदाब तीन-तीनदा मोजला, ते याचसाठी.

गरोदरपणात तर हयगय नकोच! विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० किंवा त्यावरचा आकडा, सोबत डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सरकारी केंद्रांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते.