ऋषीची भाजी आणि शहरातील परसबाग



गणेशचतुर्थीच्या सुमारास दादरच्या मंडईत पाय ठेवावयास जागा नसते. फुले, दूर्वा आणि पत्री यांच्या गर्दीतच एका बाजूला ऋषीच्या भाजीचे वाटे मांडलेले असतात. अळूची चार पाने, लाल माठाची लहानशी जुडी, पडवळाचा आणि शिराळ्याचा तुकडा, मक्याचे अर्धे कणीस, थोड्या भेंड्या, सुरणाची फोड, अंबाडीच्या दोन डहाळ्या. गृहिणी वाटा उचलते, पैसे देते आणि लोकल गाठते. दुसऱ्या दिवशी भाजी शिजते आणि ऋषिपंचमी साजरी झाली असे समजले जाते.

या व्रताचा नियम मात्र बाजाराला ठाऊकच नाही. बैलाच्या कष्टाचे अन्न त्या दिवशी वर्ज्य. नांगरलेल्या शेतातील धान्य ताटात घ्यावयाचे नाही. परसात स्वतःच्या हाताने लावलेले किंवा आपोआप रुजून आलेले तेवढेच घ्यावयाचे. या नियमामागे ऋषींच्या वनातील आहाराचे स्मरण आहे असे कोणी सांगतात, बैलाविषयीची कृतज्ञता आहे असे कोणी सांगतात. दोन्ही अर्थ सुंदरच आहेत. परंतु त्याचा एक रोकडा परिणामही होता. हा दिवस पाळावयाचा, तर घरात निदान एका व्यक्तीस कोणता पाला खाण्याजोगा आणि कोणता नव्हे हे ओळखता आले पाहिजे, आणि दाराशी निदान वीतभर माती असली पाहिजे. वर्षातून एकदा प्रत्येक घराची ती परीक्षाच होती. शहराने भाजी ठेवली आणि परीक्षा रद्द केली.

पाला ओळखण्याची ही विद्या साधी नाही. पहिल्या पावसाबरोबर ठाणे-पालघरच्या जंगलपट्टीतील आदिवासी भगिनी शेवळे घेऊन शहरात येतात. शेवळ्यांबरोबर त्या काकडाची आंबट फळेही विकतात, कारण त्या आंबटाशिवाय शेवळे घशाला खाजते. अळूचेही तेच. त्याच्या पानात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, म्हणून चिंच किंवा आमसूल घातल्याखेरीज आजी अळू चुलीवर ठेवत नसे. टाकळा कोवळा असतानाच खुडावा. फुलावर आला की तो निबर झाला. कुर्डूचेही कोवळे शेंडेच घ्यावयाचे. घोळीसारखीच जमिनीलगत पसरणारी दुधी असते. तिचा देठ मोडला की पांढरा चीक येतो, घोळीला तो येत नाही. चीक दिसला की टाकून द्यावे. हे पुस्तकात वाचून कळते, पण हाताला वळण लागते ते जाणत्या माणसासोबत चार पावसाळे खुडल्यावरच. एका पिढीत हे शिकणे थांबले की पुढची पिढी या साऱ्या पाल्याला तण म्हणते आणि उपटून फेकते.

मुंबईच्या भूमीचे या वनस्पतींशी नाते किती जुने आहे, हे एका नावावरून दिसते. पांढऱ्या मुसळीच्या शास्त्रीय नावातच बोरिवली आहे: क्लोरोफायटम बोरिविलियानम. पावसाळ्यात चवीने खाल्ली जाणारी फोडशी याच कुळातील. म्हणून कोणी पिशवी घेऊन बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शिरू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार तेथून परवानगीवाचून पानही नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. रुळांच्या कडेचा, गटाराकाठचा, वाहत्या रस्त्यालगतचा पालाही खुडू नये. पालेभाजी जमिनीतील आणि सांडपाण्यातील जड धातू पानात साठविते. धुण्याने ते जात नाहीत. मग शहरवासीयाने करावे काय? रानभाजी त्या आदिवासी भगिनींकडूनच घ्यावी, घासाघीस न करता घ्यावी, आणि कशी निवडावी, कशी शिजवावी हे विचारून घ्यावे. ती विद्या आज त्यांच्यापाशी आहे. उरलेले घरी पिकवावे.

गच्चीवर पिकविण्याचे नाव काढले की संस्थेच्या सभेत पहिला आक्षेप गळतीचा येतो. तो खोटा नसतो. त्याहून मोठा प्रश्न वजनाचा आहे, आणि तो सभेत सहसा कोणी काढत नाही. वावराच्या गच्चीवर दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरून आराखडा करावा असे भारतीय मानक सांगते. तेवढ्याच जागेत फूटभर ओल्या मातीचा थर सुमारे ५०० किलो भरतो. म्हणजे हौसेने ट्रकभर माती वर चढविणे हा इमारतीवरील अन्यायच होय.

यावरचा उपाय कोल्हापूरच्या एका गणिताच्या प्राध्यापकांनी पूर्वीच दाखविला आहे. श्रीपाद दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या द्वारे शेतकऱ्यांना स्वतः प्रयोग करावयास आणि नोंदी ठेवावयास शिकविले. मातीऐवजी वाळलेला पालापाचोळा कुजवून वाढीचे माध्यम तयार करावयाचे, ही त्यांची रीत. एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम काळा गूळ दहा लिटर पाण्यात तीन दिवस मुरवावा, दहापट पाणी घालून त्यात पाला भिजवावा आणि थर रचावेत. शहरात झाडांखालचा जो पाला जाळला जातो, तोच हा कच्चा माल. हे माध्यम मातीहून पुष्कळ हलके असते. मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास याच विचाराने स्वयंपाकघरातील ओला कचरा गच्चीवर जिरवून तेथे फळझाडे व भाज्या वाढविल्या. कचरा कमी करावयास निघालेल्या स्वयंपाकघराला बाग मिळाली.

दोन खोल्यांच्या घराला एवढी गच्ची कोठली, हा प्रश्न उरतोच. घराचे सारे धान्य खिडकीत पिकणार नाही, आणि तसे भासविणे हा भाबडेपणा आहे. पण ऋषिपंचमीची एक वाटी भाजी पिकते. मक्याला ऐंशी-नव्वद दिवस लागतात, म्हणून तो ज्येष्ठात पेरावा. अळूचा कांदाही तेव्हाच पुरावा. भेंडीचे बी आषाढात टोचावे. माठ महिन्याभरात खुडण्याजोगा होतो. तो श्रावणाच्या आरंभी फेकावा. पाणी घालण्याचे काम मुलांकडे द्यावे, आणि खुडताना आजीला खुर्ची घेऊन शेजारी बसवावे.