गुऱ्हाळघर आणि विद्यापीठ



कृषि विद्यापीठांकडे तीन कामे सोपविलेली आहेत, शिक्षण, संशोधन आणि विस्तार शिक्षण. यांपैकी पहिल्या कामाची मोजदाद पदव्यांनी होते आणि दुसऱ्याची नव्या वाणांनी व शिफारशींनी होते; परंतु तिसऱ्या कामाची, म्हणजे प्रयोगशाळेत पारखलेले ज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेऊन पोहोचविण्याच्या कामाची, मोजदाद मेळाव्याला जमलेल्या गर्दीवरून किंवा वाटलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवरून करता येत नाही, हे विस्तारकार्यात मुरलेला कोणीही प्रांजळ मनुष्य मान्य करील. 1968 साली राहुरीस कृषि विद्यापीठ स्थापन झाले, आणि पुढच्या चार वर्षांत अकोला, परभणी व दापोली येथे स्वतंत्र विद्यापीठे उभी राहिली. तेव्हापासून विद्यापीठाने शेतकऱ्याला काय द्यावे यावर पुष्कळ भाषणे झाली. शेतकऱ्याने विद्यापीठाकडून काय मागून घ्यावे, हा विषय मात्र त्या मानाने उपेक्षितच राहिला. आज तोच विषय मी एका जिनसाच्या आधाराने मांडणार आहे, आणि तो जिन्नस म्हणजे कोल्हापूरचा गूळ.

छत्रपती शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची पेठ वसवून ज्या गुळाच्या व्यापारास राजाश्रय दिला, ज्याच्या ढेपा आजही मोठ्या प्रमाणावर गुजरातेत जातात आणि ज्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तो हा गूळ तयार होतो कोठे, तर पंचगंगेच्या काठच्या शिवारात, चिपाडाच्या धगीने काळवंडलेल्या छपराखाली. राहुरी विद्यापीठाचे ऊस व गूळ संशोधन केंद्र कोल्हापूर शहरातच आहे. गुऱ्हाळघर आणि संशोधन केंद्र यांच्यातील भौगोलिक अंतर त्यामुळे फारसे नाही; परंतु जे अंतर एस. टी.च्या एका तिकिटाने तुटावयास हवे, ते कित्येकांच्या बाबतीत दोन पिढ्यांतही तुटलेले नाही.

रात्रीच्या शेवटल्या प्रहरी गुऱ्हाळावर जाऊन पाहावे. घाण्यातून निघालेला हिरवट राखी रस मांदणात जमतो, तेथून तो काहिलीत येतो, आणि चुलवाणापाशी बसलेला माणूस वाळलेली चिपाडे मूठमूठ आत सारीत असतो. काहिलीच्या कडेला उभा असलेला गुळव्या फारसे बोलत नाही. रस तापू लागला की तो पिंपातले भेंडीचे पाणी त्यात ओततो. हे पाणी म्हणजे रानभेंडीची ताजी रोपे ठेचून, पाण्यात कुसकरून काढलेला चिकट द्राव होय. थोड्याच वेळात रसावर जाड काळपट मळी तरंगून येते व ती झाऱ्याने काढून टाकतात. मग रस उसळी घेतो, त्याचा रंग पालटतो, बुडबुडे लहानांचे मोठे आणि पुन्हा लहान होतात, आणि अखेरीस गुळव्या त्या दाट पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडून बोटांनी त्याची गोळी वळतो आणि ती काहिलीच्या काठावर आपटून तिचा आवाज ऐकतो. आवाज मनाजोगता आला की काहील उतरवून पाक वाफ्यात ओतण्याचा हुकूम सुटतो. ही सारी परीक्षा डोळ्याची, बोटाची आणि कानाची आहे.

आता येथे विद्यापीठाने काय केले? भेंडीचा शोध विद्यापीठाने लावलेला नाही. तिच्या चिकट द्रावात रसातील गाळ आणि नको असलेली द्रव्ये धरून वर आणण्याचा गुण आहे, हे गुऱ्हाळांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. शास्त्रज्ञांनी एवढेच केले की, हजार लिटर रसाला सुमारे दोन किलो रोपे पुरेत, असे त्याला माप दिले. चुन्याच्या निवळीचेही तसेच आहे. उसाचा रस स्वभावतः आंबट असतो. त्याचा सामू साधारण सव्वापाच असतो. निवळीने तो सहाच्या आसपास आणला तर मळी चांगली सुटते आणि गूळ घट्ट बसतो, परंतु हात सैल सुटून निवळी जास्त पडली तर तोच गूळ काळा पडतो. निवळी किती घालावी हे अनुभवी गुळव्या जिभेवरून सांगतो. सामू मोजण्याच्या कागदाची एक पट्टी मात्र तेच त्याच्या हाताखालच्या नवशिक्या पोराला पहिल्याच दिवशी सांगते. गोळी वळण्याच्या परीक्षेलाही तापमापी हा असाच जोडीदार मिळाला आहे. काकवी हवी असेल तर 105 ते 106 अंशांवर आणि घट्ट ढेपेचा गूळ हवा असेल तर 116 ते 118 अंश सेल्सियसवर काहील उतरवावी.

कोणी म्हणेल, चांगला गुळव्या असताना तापमापी कशाला हवा? आक्षेप रास्त आहे. परंतु चांगला गुळव्या आता दुर्मिळ होत चालला आहे, आणि त्याची मुले शहरात नोकरीला गेली आहेत. त्याच्या कानात साठलेले ज्ञान त्याच्याबरोबरच संपू नये, एवढ्यासाठी त्याच्या शेजारी उभे राहून प्रत्येक आदणाचा, म्हणजे काहिलीत एका वेळी आटवलेल्या रसाचा, अंश लिहून ठेवणारा कोणी हवा. हे काम विद्यापीठाचे आहे, आणि माझ्या मते नवीन यंत्र काढण्यापेक्षा ते कमी मोलाचे नाही. म्हणून शेतकरी बंधूंना माझे पहिले सांगणे असे की, विद्यापीठाकडे नवी युक्ती मागण्याआधी आपण जे करतो त्याचे माप मागावे.

दुसरी गोष्ट. गूळ बिघडला म्हणजे सारे खापर गुळव्याच्या माथी फुटते, आणि ते बहुधा अन्यायाचे असते. गूळ पाघळतो, त्याला कण धरत नाही, चव खारट लागते, अशा तक्रारींचे मूळ पुष्कळदा काहिलीत नसून शेतात असते. तोडलेल्या उसातील साखरेचे विघटन तोडल्या क्षणापासून सुरू होते, आणि विघटित शर्करा पाण्याला धरून ठेवीत असल्यामुळे गूळ घट्ट बसत नाही; म्हणून तोडलेला ऊस शक्य तर त्याच दिवशी आणि फार तर चोवीस तासांच्या आत गाळावा. शेंड्याकडील एक-दोन कोवळी कांडी वजनाच्या लोभाने घाण्यात घालू नयेत. बांधणीनंतर युरियाचा जास्तीचा हप्ता दिल्याने ऊस हिरवागार दिसतो खरा, पण त्याचा गूळ मऊ आणि काळपट उतरतो. जमीन क्षारपड असेल तर क्षार रसात उतरतातच, आणि ते भेंडीने निघत नाहीत. वाणाचाही विचार करावा. कोसी 671 किंवा को 92005 यांचा गूळ चांगला उतरतो. क्षारपड जमिनीत तग धरणारा फुले 265 हा टनेज देतो, तथापि टनेज आणि गुळाची प्रत या दोन निराळ्या बाबी आहेत, हे लावणीच्या वेळीच ध्यानात घ्यावे. ऊस हाताशी आल्यावर तो तोडावा की थांबावे, हे ठरविण्यासाठी रसाचा एक थेंब ठेवून वाचावयाचे छोटे उपकरण मिळते. त्यावर ब्रिक्सचा, म्हणजे रसाच्या गोडीचा, आकडा एकवीस-बाविसाच्या पुढे गेला असेल तर खुशाल कोयता लावावा.

येथे शहरातील श्रोत्यांशीही दोन शब्द बोलणे भाग आहे, कारण ज्या दोषाबद्दल आपण गुऱ्हाळवाल्याला नावे ठेवतो त्यात आपलाही वाटा आहे. सौद्याच्या वेळी अडत्या ढेपेचा रंग पाहतो. पिवळ्याधमक ढेपेला दर चढतो, तांबूस ढेपेला उतरतो. आणि मग गुळव्या हायड्रॉसच्या, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइटच्या डब्याकडे हात नेतो. या पुडीने रंग तात्काळ खुलतो, पण तो टिकत नाही. साठवणीत गूळ पुन्हा काळवंडतो, आणि गंधकाचा अंश मात्र गुळात राहतो. गुळातील गंधक डायऑक्साइडला दहा लाख भागांत सत्तर भागांची कायदेशीर मर्यादा आहे. परंतु चमच्याच्या अंदाजाने टाकलेली पावडर ही मर्यादा केव्हा ओलांडते, हे काहिलीपाशी उभा असलेल्या माणसाला कळण्याचा काही मार्ग नाही. भेंडीने आणि निवळीने साफ केलेल्या गुळाचा रंग सोनेरी तांबूस असतो. दुकानात हा गूळ दिसला की आपण नाक मुरडतो, आणि सणाच्या पोळीसाठी पिवळा पाहून घेतो. विद्यापीठाने गुऱ्हाळावर कितीही प्रात्यक्षिके केली तरी दुकानातली ही निवड पालटल्यावाचून त्यांचा उपयोग अर्धाच होणार. ज्ञानप्रसार केवळ शेतकऱ्यातच करावयाचा असतो, ही विद्यापीठांचीही एक जुनी समजूत आहे, आणि तिचा फेरविचार व्हावयास हवा.

राहिला प्रश्न विद्यापीठाकडे जावे कसे, याचा. विद्यापीठाची वर्षाकाठी निघणारी कृषिदर्शनी जरूर विकत घ्यावी, मेळाव्याला जरूर जावे, जिल्ह्याच्या कृषि विज्ञान केंद्राचा रस्ता माहीत करून घ्यावा; परंतु रिकाम्या हाताने जाऊ नये. ‘गूळ चांगला होत नाही, काय करू?’ या प्रश्नाला शास्त्रज्ञ जे उत्तर देईल ते पुस्तकात छापलेलेच असेल. त्याऐवजी बिघडलेल्या ढेपेचा तुकडा, ऊस कोणत्या वाणाचा व किती महिन्यांचा, तोडणी आणि गाळप यांत किती तास गेले, शेवटचे खत केव्हा दिले, एवढा तपशील हाती ठेवून प्रश्न विचारावा, म्हणजे उत्तर देणाऱ्यालाही विचार करावा लागतो. त्याने सांगितलेला उपाय एकदम साऱ्या हंगामावर लादू नये. एका आदणावर तो करून पाहावा, शेजारचे आदण नेहमीप्रमाणे काढावे, दोन्ही ढेपांवर खूण करून त्या महिनाभर एकाच जागी ठेवाव्यात, आणि फरक पडला नाही तर ते केंद्रावर जाऊन स्पष्टपणे सांगावे. यात संकोच करण्याचे कारण नाही. तक्रार परत आली नाही, तर शिफारस यशस्वी झाली असेच आम्हां विद्यापीठवाल्यांच्या दप्तरात नोंदले जाते.

केंद्रावर न्यावयाची आणखी एक वस्तू म्हणजे शेताची माती. ती तपासून घेण्याची वेळ ऊस निघाल्यानंतर आणि पुढची नांगरट करण्यापूर्वी येते. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्यावेत आणि प्रत्येकाच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडावी. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याची आणि गुरे बसतात तेथील जागा टाळावी. सगळी माती एकत्र कालवून तिचे चार वाटे करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. माती सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरावी. जमीन क्षारपड असल्याचा संशय असेल, तर विहिरीच्या पाण्याची भरलेली बाटलीही बरोबर न्यावी. पिशवीत नाव, गट क्रमांक, मागील पीक आणि पुढे घ्यावयाचे पीक लिहिलेली चिठ्ठी टाकावी, व ती शिसपेन्सिलीने लिहावी. शाईची अक्षरे मातीच्या ओलीने पसरतात, आणि मग कोणाचा अहवाल कोणाच्या हाती जातो याचा काही नेम राहत नाही.